झूमची खोली, यूट्यूबचं अंगण: मंडळाच्या ऑनलाइन व्याख्यानासाठी कोणती सेवा घ्यावी?

इंदूरच्या मराठी मंडळांपुढे, वाचनालयांपुढे आणि छोट्या सेवाभावी संस्थांपुढे ऑनलाइन व्याख्यानाचा प्रश्न बहुतेक एकाच रूपात येतो. वक्ता पुण्यात किंवा नागपुरात. श्रोते निम्मे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामानगर भागातले आणि निम्मे मुलांकडे बंगळुरूला किंवा अमेरिकेत. मंडळाच्या खात्यात या कामासाठी म्हणून बाजूला काढलेले पैसे जवळजवळ नाहीतच. अशा कार्यक्रमासाठी झूम, गूगल मीट, जित्सी आणि यूट्यूब लाइव्ह किती उपयोगी पडतात, त्याची ही पारख आहे. कंपन्यांच्या मोठ्या परिषदांना काय लागतं, तो विषय इथे नाही.

निकाल आधी सांगतो. झूम प्रोचं एकच लायसन्स एका महिन्यापुरतं घ्यावं. त्या झूममध्ये वक्ता, सूत्रसंचालक आणि तांत्रिक बाजू सांभाळणारे दोघं एवढेच बसावेत. बाकी सगळ्या श्रोत्यांना यूट्यूब लाइव्हची लिंक द्यावी. यातून वाचलेला पैसा माइकवर आणि दुसऱ्या इंटरनेट जोडणीवर खर्च करावा.

ही शिफारस ज्यांच्याकडे बघून केली आहे, त्या पंचाहत्तरीच्या काकू आहेत. त्यांच्याकडे मोबाइल आहे, व्हॉट्सअ‍ॅप रोजचं आहे, पण नवीन अ‍ॅप उतरवून घ्यायचं म्हटलं की नातू घरी यायची वाट बघावी लागते. यूट्यूबच्या लिंकवर बोट ठेवलं की व्याख्यान सुरू होतं. नाव विचारत नाही, पासकोड मागत नाही, वेटिंग रूममध्ये ताटकळत ठेवत नाही. मधेच दारावर कोणी आलं तर मागे जाऊन राहिलेलं ऐकता येतं. कुकरची शिट्टी सभेत ऐकू जाण्याची भीती नाही, आणि घरात स्मार्ट टीव्ही असेल तर मोठ्या पडद्यावर घरचे सगळे एकत्र बघू शकतात. झूममध्ये यातलं काहीच इतकं सहज होत नाही.

झूम: फुकट, प्रो आणि वेबिनार

फुकट झूममध्ये १०० जण बसतात, पण बैठक ४० मिनिटांत बंद पडते. मंडळाचा कार्यक्रम म्हणजे स्वागत, सरस्वतीवंदन, पाहुण्यांचा परिचय. हे सगळं होईपर्यंत वीस मिनिटं गेलेली असतात आणि वक्ता मुद्द्यावर येतो तेव्हा घड्याळ संपतं. ‘पुन्हा त्याच लिंकवर या’ म्हटलं की ज्येष्ठ मंडळींपैकी बरीच परत येतच नाहीत. शिवाय फुकट आवृत्तीतून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करता येत नाही. ही आवृत्ती कार्यकारिणीच्या बैठकीला आणि आदल्या दिवशीच्या तालमीला ठीक आहे. व्याख्यानाला नाही.

प्रोमध्ये बैठक ३० तासांपर्यंत चालते, माणसं १०० आणि प्रक्षेपणाची सोय मिळते. आपल्या कामाला एवढं पुरतं. झूम वेबिनार हा प्रोवर वेगळे पैसे भरून घ्यायचा भाग आहे. त्यात श्रोते दिसत नाहीत, त्यांचा माइक बंदच असतो, प्रश्नोत्तरांची वेगळी पेटी असते आणि प्रक्षेपणाआधी वक्त्याबरोबर पडद्यामागे तयारी करता येते. सोय उत्तम आहे. पण सार्वजनिक व्याख्यानाला हेच सगळं झूम प्रो आणि यूट्यूब मिळून देतात. वेबिनार घ्यावा तो नोंदणी करून, ठरावीक लोकांनाच बसवायचं असेल तेव्हा: शिक्षकांचं प्रशिक्षण, समुपदेशकांचा वर्ग, शुल्क घेऊन केलेली कार्यशाळा. कविसंमेलन किंवा वाचनकट्टा असेल आणि सगळ्यांनीच बोलायचं असेल, तर १०० जणांची साधी झूम बैठक बरी. तिथे यूट्यूब मधे आणून रंग घालवू नये.

साध्या बैठकीत सगळे श्रोते घेतलेच, तर प्रवेश करताना सगळ्यांचे माइक बंद, स्वतःहून माइक सुरू करण्याची परवानगी बंद, स्क्रीन शेअर फक्त होस्टला (बैठक चालवणाऱ्याला), पडद्यावर रेघोट्या मारण्याची सोय बंद, नाव बदलण्याची सोय बंद, एवढं आधीच करून ठेवावं. सार्वजनिक व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरलेल्या झूमच्या लिंकवर उपद्रवी लोक येतात आणि ते पहिल्या दहा मिनिटांतच येतात. त्या वेळी सेटिंग शोधत बसायला सवड नसते. ‘सस्पेंड पार्टिसिपंट अ‍ॅक्टिव्हिटीज’ हे बटण होस्टच्या सुरक्षा-मेनूत असतं, ते कुठे आहे हे दोघांना तरी पाठ हवं.

जोडणी करण्याची रीत

इथे बहुतेक मंडळं एक चूक करतात. झूममध्ये यूट्यूबचं थेट बटण असतं, ते कार्यक्रमाच्या वेळी दाबलं की त्या क्षणी यूट्यूबवर नवीन प्रक्षेपण तयार होतं आणि त्याची लिंक तेव्हाच कळते. म्हणजे निमंत्रणात घालायला आधी लिंकच नसते. त्याऐवजी ‘कस्टम’ मार्ग घ्यावा.

आधी यूट्यूब स्टुडिओत ‘गो लाइव्ह’मध्ये जाऊन ‘स्केड्यूल स्ट्रीम’ करावं. शीर्षक, तारीख, वेळ आणि निमंत्रणपत्रिकेचं चित्र तिथेच घालावं. यातून तीन गोष्टी मिळतात: स्ट्रीम यूआरएल, स्ट्रीम की आणि कार्यक्रमाच्या पानाची लिंक. मग झूमच्या संकेतस्थळावर सेटिंग्जमध्ये मीटिंगखाली ‘इन मीटिंग अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात थेट प्रक्षेपणाची परवानगी चालू करून ‘कस्टम’वर खूण करावी. त्यानंतर आपली बैठक ठरवून तिच्या पानावरच्या ‘लाइव्ह स्ट्रीमिंग’ भागात या तीन गोष्टी चिकटवाव्यात. कार्यक्रमाच्या दिवशी होस्टने ‘मोअर’मधून प्रक्षेपण सुरू करायचं. हे बटण होस्टच्या हातात असतं, को-होस्टच्या म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या नाही, म्हणून होस्टने लॅपटॉपवर बसावं, मोबाइलवर नाही.

स्ट्रीम की म्हणजे तुमच्या चॅनेलची किल्ली आहे. ती ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या नावावर काहीही प्रक्षेपित करू शकतो. कार्यकारिणीच्या गटात तिचा फोटो टाकू नये. टाकला गेलाच तर स्टुडिओत की बदलून घ्यावी आणि झूममध्ये नवी भरावी.

या मार्गाचा मोठा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. यूट्यूबला चित्र पाठवण्याचं काम झूमचा सर्व्हर करतो, तुमचा लॅपटॉप करत नाही. त्यामुळे जुना लॅपटॉपही चालतो आणि इंटरनेटवर दुहेरी भार पडत नाही. ओबीएस स्टुडिओ हे फुकट आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरलं तर खाली नावाची पट्टी, मंडळाचं चिन्ह, दोन कॅमेरे असं सगळं करता येतं, पण मग सगळा भार आपल्या यंत्रावर. ७२०पी म्हणजे साधारण स्पष्ट चित्राला यूट्यूब साधारण ४ एमबीपीएसचा (सेकंदाला ४ मेगाबिटचा) प्रवाह सुचवतं, आणि की-फ्रेमचं, म्हणजे पूर्ण चित्र नव्याने पाठवण्याचं, अंतर २ सेकंद ठेवायला सांगतं. ओबीएस चालवणारा मुलगा मंडळात असेल आणि तो पुढच्या वर्षीही असणार असेल, तरच तिकडे जावं.

यूट्यूबच्या बाजूला काही गोष्टी आधी उरकाव्या लागतात. चॅनेल फोन नंबरने पडताळलेलं हवं आणि पहिल्यांदा थेट प्रक्षेपण चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. संध्याकाळी सातच्या कार्यक्रमासाठी दुपारी चारला चॅनेल उघडणाऱ्यांची इथेच फजिती होते. मोबाइलच्या यूट्यूब अ‍ॅपमधून थेट जायचं तर किमान ५० सदस्य लागतात. वर सांगितलेल्या रीतीला ती अट नाही. ‘हे मुलांसाठी आहे’ या प्रश्नाला चुकून हो म्हटलं तर गप्पांची खिडकी बंद होते. ‘ऑटो-स्टॉप’ बंद ठेवावं, नाहीतर झूमकडून येणारा प्रवाह मधेच तुटला तर यूट्यूब कार्यक्रम संपल्याचं जाहीर करून मोकळं होतं आणि त्या लिंकवर परत येता येत नाही. विलंबाची निवड ‘नॉर्मल’ ठेवावी. कमी विलंबाची निवड केली तर ज्यांचं नेटवर्क कच्चं आहे त्यांचं चित्र जास्त अडकतं.

आणि चॅनेल कोणाच्या नावावर? सचिवांच्या खासगी ईमेलवर मुळीच नको. दोन-तीन वर्षांनी कार्यकारिणी बदलते आणि सगळी व्याख्यानं जुन्या सचिवांच्या फोनमध्ये अडकून पडतात. मंडळाच्या नावाचं खातं काढून, स्टुडिओच्या ‘परमिशन्स’मध्ये निदान दोघांना व्यवस्थापक करून ठेवावं.

प्रश्नोत्तरं

झूममधून यूट्यूबवर चित्र पोहोचायला साधारण २० सेकंद लागतात, श्रोत्याकडे कधी त्याहून जास्त. ‘काही प्रश्न आहेत का?’ असं विचारून सूत्रसंचालकाने लगेच ‘नाहीत वाटतं’ म्हटलं, तर श्रोत्यांनी तो प्रश्न अजून ऐकलेलाही नसतो. प्रश्न व्याख्यान चालू असतानाच मागवावेत आणि पहिले दोन सूत्रसंचालकाच्या हाती आधीच असावेत.

यूट्यूबच्या गप्पांत लिहायला गूगल खात्यात प्रवेश करून चॅनेल असावं लागतं. ज्येष्ठांपैकी पुष्कळांना ते जमत नाही. त्यांच्यासाठी प्रश्नांचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्यावा आणि बोलून पाठवलेला संदेशही चालेल, असं निमंत्रणातच लिहावं. हा नंबर मंडळाचा वेगळा असावा. एखाद्या काकूंचा खासगी नंबर यूट्यूबवर कायमचा राहणं बरं नव्हे. प्रश्न गोळा करणाऱ्याने ते सूत्रसंचालकाला पाठवताना एक-दोन ओळींत आटोपशीर करून पाठवावेत. पानभर संदेश थेट प्रक्षेपणात वाचून दाखवण्यात वेळ जातो आणि वक्त्याला मूळ प्रश्न सापडत नाही.

निमंत्रणाच्या संदेशात लिंक स्वतंत्र ओळीवर ठेवावी. तिला चिकटून पूर्णविराम किंवा अक्षर आलं की काही फोनांवर ती लिंक मोडते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. गटात १०२४ पर्यंत माणसं घेता येतात, म्हणून सभासदांचा गट हाच भरवशाचा. अमेरिकेतल्या लोकांसाठी त्यांची वेळ लिहायची असेल तर महिना बघून लिहावी: आपले संध्याकाळचे ७ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे ९:३०, हिवाळ्यात ८:३०.

आवाज

चित्र धूसर असलं तरी लोक बसतात. आवाज घुमला की दहा मिनिटांत उठतात. म्हणून पैसा इथे घालावा, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

लॅपटॉपचा स्वतःचा माइक दोन फुटांवरून खोलीचा सगळा घुमारा गोळा करतो. त्यावर सर्वांत स्वस्त आणि भक्कम उपाय म्हणजे कॉलरला लावायचा वायरचा माइक. बोया बीवाय-एम१ हा या कामाला वर्षानुवर्षं चालत आलेला माइक आहे: ६ मीटर वायर, ३.५ मिमीची चार भागांची पिन, आत एलआर४४ बटण-सेल. जेल रोडच्या बाजारात अशा माइकच्या नकलाही भरपूर मिळतात, म्हणून दुकानातच आपल्या फोनवर आवाज टेपून बघावा. त्याच्या डबीवर एक छोटं बटण असतं. फोनला लावताना ते ‘ऑफ/स्मार्टफोन’कडे हवं, कॅमेऱ्याला लावताना दुसरीकडे. ‘माइक खराब आहे’ या तक्रारीमागे बरेचदा हेच बटण निघतं. लॅपटॉपला हेडफोन आणि माइक यांची दोन वेगळी छिद्रं असतील तर मधे जोडपिन लागते, नुसता खुपसून आवाज येत नाही. वायर लांब आहे म्हणून गुंडाळी पायाशी पडू देऊ नये. वक्ते उठले की माइक कॉलरवरून ओढला जातो.

ब्लूटूथचे बिनवायरचे इयरफोन वक्त्याला देऊ नयेत. त्यांचा माइक सुरू झाला की जोडणी फोनकॉलच्या दर्जावर उतरते आणि आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो. शिवाय दीड तासाच्या कार्यक्रमात चार्जिंगचा भरवसा नाही. साधा वायरचा इयरफोन यापेक्षा केव्हाही बरा.

एकाच खोलीत दोन यंत्रं झूममध्ये असतील तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. दुसऱ्या यंत्रावर माइक बंद करणं पुरेसं नाही. त्याचा स्पीकरही बंद हवा, किंवा आवाजाची जोडणीच तोडावी. यूट्यूब तपासायला जवळ ठेवलेला फोन हाही असाच चोर. तो इयरफोन लावूनच तपासावा.

गाण्याचा कार्यक्रम असेल, तर झूमचं नेहमीचं सेटिंग घात करतं. झूम पार्श्वभूमीचा गोंगाट पुसतं आणि तानपुऱ्याचा अखंड सूर त्याला गोंगाटच वाटतो. गायक थांबला की तानपुरा विरतो, मींड तुटते, तबल्याची दायाँ टिकते आणि बायाँ हरवतो. उस्ताद अमीर खाँ साहेबांच्या या गावात विलंबित ख्याल असा चिरडलेला ऐकवणं शोभत नाही. ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करावं, त्यातलं प्रतिध्वनी घालवणं बंद करावं आणि गायकाकडे स्पीकरऐवजी इयरफोन द्यावा, कारण प्रतिध्वनी घालवणं बंद केल्यावर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये जाणार. बैठक सुरू झाल्यावर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ते बटण पुन्हा दाबावं लागतं, हे विसरू नये. ध्वनिफीत ऐकवायची असेल तर स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साउंड’वर खूण करावी. खूण करायची राहिली की वक्ता डोळे मिटून ऐकत असतो आणि श्रोत्यांकडे शुकशुकाट असतो.

कार्यक्रमाआधी वेळ भरायला जुनी नाट्यगीतं लावण्याचा मोह आवरावा. यूट्यूबची स्वयंचलित तपासणी थेट प्रक्षेपणातही चालते आणि गाण्यावर कोणाच्या हक्काचा दावा लागला तर चित्राच्या जागी पाटी येऊ शकते, प्रक्षेपण थांबूही शकतं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पण हक्क संपलेल्या मुद्रणावरही यंत्र दावा लावू शकतं आणि वाद घालायला त्या क्षणी वेळ नसतो. नुसती निमंत्रणपत्रिकेची पाटी ठेवावी.

सभागृहात आणि ऑनलाइन, दोन्हीकडे एकाच वेळी

हे सगळ्यांत अवघड. वक्ता व्यासपीठावर, समोर श्रोते, आणि शिवाय प्रक्षेपण. लॅपटॉप पहिल्या रांगेत ठेवून त्याच्याच माइकवर सभागृहाच्या कर्ण्यांचा आवाज घेतला तर घरी बसलेल्यांना एकही वाक्य धड कळत नाही. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळा आवाज घ्यावा लागतो. तो थेट लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात घातला तर फाटतो, कारण मिक्सरच्या लाइन-आउटची पातळी माइकपेक्षा पुष्कळ जास्त असते. मधे लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मिक्सरचा आवाज लॅपटॉपला झेपेल असा करून देणारी डबी, लावावा. जोडल्यावर सतत घूं असा आवाज आला तर मिक्सर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या बोर्डांवर आहेत. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. आवाज गेला तर कारण सापडलं, आणि पुढच्या वेळी ग्राउंड-लूप आयसोलेटर (ही घूं घालवणारी छोटी डबी) जवळ ठेवावा.

ऑनलाइन बसलेल्या पाहुण्याचा आवाज सभागृहात सोडायचा असेल तर लॅपटॉपचा आवाज मिक्सरमध्ये जातो. तोच आवाज मिक्सरमधून परत लॅपटॉपला मिळाला की पाहुण्याला स्वतःचंच बोलणं उलट ऐकू येतं. म्हणून लॅपटॉपला जाणारा आवाज मिक्सरच्या ‘ऑक्स’ या वेगळ्या आउटपुटमधून घ्यावा आणि त्या ऑक्सवर लॅपटॉपच्या चॅनेलचं बटण शून्यावर ठेवावं. साउंडवाल्याला हे आधी फोनवर सांगावं. दिवे लागल्यावर सांगितलं तर तो ऐकेलच असं नाही.

इंटरनेट, वीज आणि गावचं पंचांग

गटाच्या बैठकीत ७२०पी चित्राला झूम अपलोडला २.६ आणि डाउनलोडला १.८ एमबीपीएस मागतं. दीड तासात हे मिळून सुमारे ३ जीबी होतात. आता विचार करा: ब्रॉडबँड गेलं, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि त्या फोनवर रोज १.५ जीबीचा प्लॅन आहे. ऐन रंगात मर्यादा संपते, वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि व्याख्यान संपलंच समजा. त्या दिवसापुरता वेगळा डेटा पॅक भरून ठेवावा. झूमच्या सेटिंगमध्ये एचडी चित्र बंद केलं तर हाच खर्च साधारण १ जीबीपर्यंत उतरतो आणि मोबाइलवर बघणाऱ्याला फारसा फरकही जाणवत नाही.

दुसरी जोडणी दुसऱ्या कंपनीचीच हवी. को-होस्ट दुसऱ्या घरात, दुसऱ्या मोहल्ल्यात बसवावा. होस्टचं इंटरनेट गेलं तर बैठक को-होस्टकडे जाते आणि चालू राहते. एकाच सोफ्यावर बसलेले होस्ट आणि को-होस्ट एकाच वेळी गायब होतात.

राउटरला छोटा यूपीएस लावावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचावेत: १२ व्होल्ट आहे की ९, आणि अँपिअर किती. फायबरची डबी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागते, नुसता राउटर जिवंत ठेवून उपयोग नाही.

तारीख ठरवताना इंदूरचं पंचांग बघावं. रंगपंचमीला राजवाड्याच्या बाजूने गेर (रंगांची मिरवणूक) निघते, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) असतात. त्या दिवशी जुन्या शहरात बसून शांत आवाज मिळणार नाही आणि श्रोतेही घरी नसतील.

गूगल मीट आणि जित्सी

फुकट मीटमध्ये १०० जण आणि तिघं किंवा अधिक असतील तर ६० मिनिटं. गूगलच्या नॉनप्रॉफिट योजनेत संस्थेला वर्कस्पेस (गूगलचा ईमेल, ड्राइव्ह, मीट यांचा संच) विनामूल्य मिळतं आणि ६० मिनिटांची अट सुटते, पण त्यात रेकॉर्डिंग नाही. त्यासाठी सवलतीत पैसे भरून बिझनेस स्टँडर्ड घ्यावं लागतं, तिथे माणसंही १५० होतात. स्वतःचं डोमेन लागतं. पडताळणीत अडतं ते नावावर. आपल्याकडच्या संस्था मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली नोंदलेल्या, प्रमाणपत्र हिंदीत, पॅन इंग्रजीत, आणि दोन्हीकडे स्पेलिंगचा मेळ नाही. अर्जात कागदावर आहे तसंच नाव लिहावं, ‘श्री’ असेल तर ‘श्री’सकट. ज्या संस्थेला ईमेल, ड्राइव्ह आणि कॅलेंडरही हवं आहे तिने हे जरूर करावं. नुसत्या वर्षाच्या चार व्याख्यानांसाठी एवढा खटाटोप नको.

जित्सी मुक्तस्रोत आहे, ब्राउझरमध्ये चालतं. ऑगस्ट २०२३ पासून त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर बैठक उघडणाऱ्याला गूगल, फेसबुक किंवा गिटहबने प्रवेश करावा लागतो, येणाऱ्यांना नाही. दहा-बारा जणांच्या बैठकीला छान. व्याख्यानाला आम्ही घेणार नाही.

वक्त्याची तालीम

आदल्या दिवशी वीस मिनिटं, त्याच यंत्रावर, त्याच खोलीत, त्याच वेळी. वेळ तीच हवी, कारण संध्याकाळी उजेड बदलतो आणि शेजारच्या देवळात आरतीही असते. झूम ठरावीक काळाने जुन्या आवृत्त्या बंद करतं. वर्षभर न उघडलेलं अ‍ॅप प्रवेशाच्या वेळीच अपडेट मागतं, ते आदल्या दिवशी होऊन जावं. खिडकी वक्त्याच्या समोर हवी, पाठीशी नको. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, त्यासाठी खाली दोन-चार जाड पुस्तकं चालतात. फोन असेल तर आडवा.

स्लाइड्स पीडीएफ करून मागवाव्यात. मराठी वक्त्यांकडे श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या आणि आपल्या मध्यप्रदेशात कृतिदेव फॉन्टमधल्या फाइल्स अजून चलनात आहेत. दुसऱ्या यंत्रावर त्या उघडल्या की अक्षरांच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते. मोबाइलवर वाचता यावं म्हणून अक्षर ३० पॉइंटच्या खाली नको आणि एका पाटीवर सहा-सात ओळींच्या वर नको.

पैसे आणि पावती

झूमचं बिल संस्थेच्या नावानेच निघावं. खजिनदारांनी स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या नावाने घेतलं की ऑडिटच्या वेळी तो खर्च कसा दाखवायचा हा प्रश्न उभा राहतो. म्हणून पैसे भरण्याआधीच बिलाच्या तपशिलात संस्थेचं नाव आणि पत्ता घालावा. वर १८ टक्के जीएसटी धरून अंदाजपत्रक करावं. वर्षाची योजना महिन्याच्या मानाने स्वस्त दिसते, पण व्याख्यानमाला एकाच महिन्यात असेल तर महिन्याचीच घ्यावी आणि घेतल्या दिवशीच पुढचं नूतनीकरण रद्द करून टाकावं. भरलेला महिना तरीही पूर्ण मिळतो. रद्द करायचं राहिलं, तर ई-मँडेटखाली (कार्डावरून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीखाली) १५,००० रुपयांपर्यंतची आवर्ती रक्कम ओटीपी न विचारता कापली जाते. बँक २४ तास आधी संदेश पाठवते, पण तो ज्या फोनवर येतो तो फोन बघणारं कोणी असावं लागतं.

शेवटची पाच मिनिटं आणि नंतर

पसायदान झालं की होस्टने ताबडतोब ‘एंड’ दाबू नये. श्रोत्यांकडे पसायदान अजून चालू असतं आणि ते मधेच तुटतं. आभाराची पाटी लावून मिनिटभर थांबावं, दुसऱ्या फोनवर यूट्यूबवर शेवट ऐकू आला की मगच बंद करावं. तोवर झूममधल्यांनी माइक बंद ठेवावेत, नाहीतर ‘झालं एकदाचं’ हेही गावभर जातं.

झूमचं स्थानिक रेकॉर्डिंगही लॅपटॉपवर चालू ठेवावं. बैठक संपल्यावर फाइलचं रूपांतर होत असतं, ते पुरं होईपर्यंत झाकण मिटू नये. यूट्यूबवर १२ तासांच्या आतलं प्रक्षेपण आपोआप जतन होतं आणि सहा तासांपेक्षा लहान असेल तर स्टुडिओतच सुरुवातीची रिकामी मिनिटं कापता येतात. कापणी व्हायला काही तास लागतात, तोवर जुनीच आवृत्ती दिसते, म्हणून लोकांना लिंक दुसऱ्या दिवशी पाठवावी.

आरोग्य, व्यसनमुक्ती किंवा कौटुंबिक समुपदेशनाचा विषय असेल आणि कोणी स्वतःची अडचण बोलून दाखवली असेल, तर तो भाग कापल्याशिवाय चित्रफीत खुली ठेवू नये. ‘अनलिस्टेड’ म्हणजे गुप्त नव्हे, ती लिंक पुढे पाठवता येते. वक्त्याची संमती लेखी घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘हो, चालेल’ जपून ठेवलं तरी काम भागतं. नंतर शीर्षकात वक्त्याचं नाव, विषय आणि तारीख मराठीत लिहावी. नुसतं ‘व्याख्यान पुष्प ३’ लिहिलेली चित्रफीत पुढच्या वर्षी मंडळाच्या लोकांनाही सापडत नाही.